अमेरिकन लोककला व अलंकरणकला विषयक सचित्र ग्रंथांचा संग्रह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लोककला व अलंकरणकला यांवरील सचित्र ग्रंथांचा संग्रह ही ग्रंथसंग्रहाची एक विशेष शाखा आहे. रंगवलेले पत्र्याचे ट्रे, ठिगळे जोडून शिवलेल्या गोधड्या, नक्षीची मातीची ताटे, कशिद्याचे नमुनापट, बिडाच्या शेगड्या, थडग्यांवरील कोरीव शिळा, स्टेन्सिलने रंगवलेल्या भिंती, लाकडी बदके, घरगुती फर्निचर अशा वस्तूंची चित्रे आणि वर्णने देणारे ग्रंथ या शाखेत येतात. प्रदर्शनांच्या सूचिपुस्तिका, सुट्या चित्रांचे संच आणि गिरवण्यासाठी काढलेली नमुनापुस्तकेही संग्राहक यांतच धरतात.

या ग्रंथांचे मोल केवळ दुर्मीळतेवर ठरत नाही. त्यांत चित्रित झालेल्या अनेक वस्तू पुढे नष्ट झाल्या, विकल्या गेल्या किंवा रंगाच्या नव्या थराखाली गेल्या. त्यांचा पुरावा म्हणून चित्र तेवढे उरले. दुसऱ्या बाजूने पाहता, अमेरिकन लोककला कशाला म्हणायचे हेही बऱ्याच अंशी या पुस्तकांनीच ठरवले. त्यामुळे कोणत्या वस्तूचे चित्र छापले गेले आणि कोणत्या वस्तूचे नाही, हा प्रश्न या संग्रहाच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरतो.

आरंभीचे ग्रंथ

हार्टफर्ड येथील डॉक्टर अर्व्हिंग लायन यांचा न्यू इंग्लंडमधील वसाहतकालीन फर्निचरावरील ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. या क्षेत्रातील संशोधनाची सुरुवात सामान्यतः येथून मानतात. पुढील वर्षी ॲलिस मोर्स अर्ल यांचे अमेरिकेतील चिनी मातीच्या भांड्यांच्या संग्रहाविषयीचे पुस्तक आले. या पिढीतील लेखक बहुधा हौशी होते. जुन्या मृत्युपत्रांतील आणि मालमत्तेच्या याद्यांतील नोंदी वाचून घरात दिसणाऱ्या वस्तूंशी त्या जुळवणे ही त्यांची पद्धत होती.

एडविन ॲटली बार्बर यांचा ‘ट्युलिप वेअर ऑफ द पेनसिल्व्हेनिया-जर्मन पॉटर्स’ हा १९०३ चा ग्रंथ निराळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुंभारांनी तांबड्या मातीच्या ताटांवर पांढऱ्या मातीचा लेप देऊन, तो कोरून फुले, पक्षी व अक्षरे काढली होती. ही ताटे युरोपातून आलेली असावीत असा समज होता. बार्बर यांनी ताटांच्या काठावरील जर्मन बोलीतील मजकूर वाचला, त्याचा अनुवाद दिला आणि ताटे स्थानिक असल्याचे दाखवून दिले. पुस्तकातील चित्रांबरोबर हा मजकूर छापलेला असल्याने आजही अभ्यासकांना या ग्रंथाकडे वळावे लागते. याच प्रदेशातील डॉइल्सटाउनचे हेन्री चॅपमन मर्सर यांनी बिडाच्या शेगड्यांच्या पत्र्यांवर ओतलेल्या बायबलमधील दृश्यांचा अभ्यास केला. त्यांचा ‘द बायबल इन आयर्न’ हा ग्रंथ १९१४ मध्ये निघाला.

मेरी वेब्स्टर यांचे १९१५ चे ‘क्विल्ट्स’ हे केवळ अमेरिकन गोधड्यांना वाहिलेले पहिले पुस्तक मानले जाते. इंडियाना राज्यातील मॅरियन येथे त्या गोधड्यांच्या नमुन्यांचा व्यवसाय करीत, आणि पुस्तकात जुन्या गोधड्यांशेजारी त्यांच्या स्वतःच्या रचनाही आहेत. एथेल बोल्टन आणि ईव्हा को यांचा ‘अमेरिकन सॅम्पलर्स’ हा १९२१ चा ग्रंथ दिसायला कोरडा वाटतो, कारण त्याची बरीच पाने याद्यांनी भरली आहेत. शाळकरी मुलींनी टाके आणि अक्षरे शिकताना विणलेल्या नमुनापटांची ती नोंद आहे : मुलीचे नाव, वर्ष, वय, पटावरील मजकूर. ज्या मुलींचा अन्य कोठे उल्लेखही नाही अशा कितीतरी जणींची नावे या याद्यांमुळे टिकली. हॅरिएट मेरिफील्ड फोर्ब्स यांनी न्यू इंग्लंडमधील थडग्यांवरील शिळांची छायाचित्रे घेतली आणि जुन्या कागदपत्रांतून त्या कोरणाऱ्या पाथरवटांची नावे शोधून काढली. १९२७ च्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच शिळांबरोबर त्या घडवणाऱ्या माणसांचाही उल्लेख आहे. उघड्यावरच्या पाटीच्या दगडाची झीज पाहता त्यांच्या छायाचित्रांचे महत्त्व वर्षागणिक वाढत गेले आहे.

वॉलेस नटिंग हे मूळचे धर्मोपदेशक. प्रकृतीच्या कारणाने ते काम सोडून त्यांनी छायाचित्रणाचा धंदा केला आणि हाताने रंगवलेल्या छायाचित्रांमुळे ते घरोघरी माहीत झाले. त्यांचा ‘फर्निचर ट्रेझरी’ १९२८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला व तिसरा खंड १९३३ मध्ये आला. पहिल्या दोन खंडांत सुमारे पाच हजार चित्रे असून प्रत्येक वस्तूचे वर्णन त्याच पानावर दिले आहे. वर्णने त्रोटक आणि मते ठाम, अशी या ग्रंथाची रीत आहे. मात्र चित्रांच्या संख्येत त्याला दीर्घकाळ तोड नव्हती. नटिंग यांनी जुन्या फर्निचराच्या प्रतिकृतींचा कारखानाही चालवला होता. ज्या चित्रावरून संग्राहक अस्सल वस्तू ओळखतो, त्याच चित्रावरून सुतार तिची नक्कल करू शकतो, ही अडचण या क्षेत्रात सुरुवातीपासूनच आहे. काचेच्या वस्तूंवर अनेक पुस्तके लिहिणाऱ्या रूथ वेब ली यांना १९३८ मध्ये केवळ बनावट वस्तू व प्रतिकृती या विषयावर स्वतंत्र पुस्तक काढावे लागले.

‘लोककला’ या नावाचा स्वीकार

वरील लेखक आपल्या विषयाला क्वचितच ‘लोककला’ म्हणत. हे नाव रूढ झाले ते संग्रहालयांच्या प्रदर्शनांमुळे. न्यूअर्क संग्रहालयाने १९३० मध्ये अप्रशिक्षित चित्रकारांच्या चित्रांचे आणि १९३१ मध्ये लोकशिल्पांचे प्रदर्शन भरवले. त्यापाठोपाठ १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये होल्गर काहिल यांनी ‘अमेरिकन फोक आर्ट’ हे प्रदर्शन मांडले. त्यातील बहुतेक वस्तू ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर यांच्या होत्या. पण त्यांनी आपले नाव त्या वेळी जाहीर होऊ दिले नाही. दुकानावरची पाटी, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा आणि फिरत्या चित्रकाराने काढलेले व्यक्तिचित्र आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडले गेल्याने त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. या प्रदर्शनाची सूचिपुस्तिका संग्राहकांना आवर्जून हवी असते.

इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन

या शाखेतील सर्वांत मोठा उपक्रम पुस्तकाच्या रूपात ठरल्याप्रमाणे कधीच प्रसिद्ध झाला नाही. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या चित्रविभागाच्या प्रमुख रोमाना जाविट्स यांच्याकडे कापड, फर्निचर, जाहिराती यांचे आरेखक संदर्भचित्रे मागायला येत. युरोपीय देशांच्या नक्षीकामाचे मोठमोठे चित्रग्रंथ त्यांना दाखवता येत. अमेरिकन वस्तूंविषयी तसे काही नव्हते. वस्त्ररचनाकार रूथ रीव्ह्ज यांच्याशी झालेल्या चर्चेतून अशी चित्रसूची तयार करण्याची कल्पना पुढे आली. तेव्हा महामंदी चालू होती. बेकार कलावंतांना काम देण्यासाठी संघशासनाने काढलेल्या ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ने १९३५ मध्ये ही कल्पना उचलली. या प्रकल्पाचे प्रमुख होल्गर काहिल हेच होते. रीव्ह्ज यांनी आरंभी राष्ट्रीय पातळीवर कामाची जुळवाजुळव केली. संपादनाची जबाबदारी काही काळ लेखिका कॉन्स्टन्स रूर्क यांच्याकडे होती.

काम १९४२ पर्यंत चालले आणि १८,००० हून अधिक जलरंगचित्रे तयार झाली. छायाचित्रांऐवजी चित्रे काढण्यामागे दोन कारणे होती. एक म्हणजे कलावंतांना रोजगार द्यायचा होता. दुसरे असे की त्या काळचे रंगीत छायाचित्रण महागडे होते आणि त्यातील रंग टिकण्याची खात्री नव्हती. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातील सुझान चॅपमन यांनी पुरातत्त्वीय चित्रणात वापरली जाणारी पद्धत कलावंतांना शिकवली. पातळ रंगाचे थर एकावर एक देत, कागदाचा मूळ पांढरेपणा राखून, कापडाची वीण किंवा पत्र्यावरचा गंज जसाच्या तसा उतरवायचा, असे तिचे स्वरूप होते. एका चित्राला काही आठवडेही लागत. प्रत्येक चित्राबरोबर वस्तूची मापे, साहित्य, मालक आणि ज्ञात असल्यास कारागीर यांची नोंद ठेवली जाई. गोधडीच्या चित्रातील एकेक टाका मोजता येतो, इतके काही कलावंतांचे काम बारीक आहे.

ही चित्रे रंगीत संचांच्या रूपाने ग्रंथालयांना आणि शाळांना पुरवावीत असा मूळ बेत होता. पैसा आणि युद्ध या दोन्ही कारणांनी तो बारगळला, व १९४३ मध्ये सारा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे गेला. राज्यपातळीवर निघालेल्या थोड्या प्रकाशनांपैकी न्यू मेक्सिकोतील स्पॅनिश वसाहतकालीन कलेचा १९३८ चा संच प्रसिद्ध आहे. त्यात ई. बॉइड यांच्या चित्रांवर आधारलेले ५० चित्रपट असून ते हाताने रंगवलेले आहेत. प्रती दोनशेच्या आसपास निघाल्या. त्यामुळे पूर्ण संच मिळणे संग्राहकाच्या दृष्टीने भाग्याचे समजले जाते.

मूळ चित्रे सर्वसामान्य वाचकांसमोर आली ती संग्रहाचे अभिरक्षक अर्विन क्रिस्टेन्सेन यांच्या १९५० च्या ‘द इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या ग्रंथामुळे. काहिल यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. क्लॅरन्स हॉर्नंग यांचा ‘ट्रेझरी ऑफ अमेरिकन डिझाइन’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९७२ मध्ये आला. चित्रांच्या विपुलतेत तो सरस आहे. १९५० चा ग्रंथ मात्र अधिक नेटका व विवेचक असल्याने एकच घ्यायचा झाल्यास बहुतेक अभ्यासक तोच घेतात. या उपक्रमाचा स्वतःचा इतिहास आणि त्यामागील विचार समजून घेण्यासाठी नॅशनल गॅलरीने २००२ च्या प्रदर्शनानिमित्त काढलेला ‘ड्रॉइंग ऑन अमेरिकाज पास्ट’ हा ग्रंथ उपयुक्त आहे.

इंडेक्समध्ये काम केलेल्यांनी पुढे स्वतंत्र ग्रंथही लिहिले. पेनसिल्व्हेनिया शाखेचे काम पाहिलेल्या फ्रान्सिस लिक्टेन यांचा ‘फोक आर्ट ऑफ रूरल पेनसिल्व्हेनिया’ हा १९४६ चा ग्रंथ त्यांतील सर्वाधिक वाचला गेलेला म्हणता येईल. शेतकऱ्याच्या घरी एखादी वस्तू कोणत्या साहित्यापासून बनली, या क्रमाने त्यांनी विषय मांडला आहे.

कारागिरांसाठी लिहिलेले ग्रंथ

जेनेट वेअरिंग यांचा भिंती व फर्निचर यांवरील स्टेन्सिलकामाचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदी भिंतचित्रे ज्यांना परवडत नसत अशा ग्रामीण कुटुंबांसाठी फिरते रंगारी कापलेल्या जाड कागदाच्या साहाय्याने भिंतींवर वेलबुट्टी उमटवीत. त्यांपैकी मोझेस ईटन यांची स्टेन्सिले व ब्रश न्यू हॅम्पशायरमधील घराच्या माळ्यावर सापडले, आणि वेअरिंग यांच्या ग्रंथामुळे त्या पेटीची माहिती सर्वत्र झाली. ही पेटी आता न्यू इंग्लंडच्या वारसा-जतन संस्थेकडे आहे. घर बदलले की भिंत प्रथम रंगवली जाते. म्हणून वेअरिंग यांनी घेतलेली खोल्यांची छायाचित्रे मूळ आवृत्तीत पाहणे आवश्यक ठरते.

एस्थर स्टीव्हन्स ब्रेझर या मेन राज्यात पत्रेकाम करणाऱ्या झकराया स्टीव्हन्स यांच्या वंशज. जुन्या ट्रे व खुर्च्यांवरील मूळ नक्षी शोधून, ती गिरवून, रंगवण्याची जुनी पद्धत त्या शिकवीत. त्यांचे ‘अर्ली अमेरिकन डेकोरेशन’ १९४० मध्ये निघाले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर विद्यार्थिनींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संस्था काढली. हे पुस्तक शेल्फवर ठेवण्यापेक्षा मेजावर उघडून काम करण्यासाठी होते. अशा प्रतींवर पेन्सिलीच्या रेघा, रंगाचे ठिपके आणि मधोमध मोडलेली बांधणी आढळते. निष्कलंक प्रतीच जमवणाऱ्यांना हे दोष वाटतात. परंतु पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले होते त्यांच्या हाती ते पोहोचल्याची ती साक्ष आहे, आणि अलीकडे काही ग्रंथालये अशा खुणा असलेल्या प्रती मुद्दाम राखून ठेवतात.

ॲलन ईटन यांच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातील हस्तव्यवसायांवरील १९३७ च्या ग्रंथात डोरिस उलमन यांची छायाचित्रे आहेत. उलमन १९३४ मध्येच निवर्तल्या होत्या. टोपल्या, खुर्च्या व विणकाम यांबरोबर ती करणाऱ्या वृद्ध स्त्रीपुरुषांचे चेहरे या ग्रंथात दिसतात. वस्तूंच्या सूचीत माणसे सहसा दिसत नाहीत.

पुनर्मुद्रणे

सामान्य वाचकाला हा विषय सुलभ करून देण्याचे श्रेय प्रामुख्याने न्यूयॉर्कच्या डोव्हर पब्लिकेशन्सला जाते. हेवर्ड व ब्लँच सर्कर या दांपत्याने १९४१ मध्ये ही प्रकाशनसंस्था काढली. जुने, अनुपलब्ध ग्रंथ कागदी बांधणीत पण फर्मे शिवून स्वस्तात देणे हा तिचा परिपाठ होता. एडवर्ड व फेथ अँड्रूज यांचा शेकर पंथीयांच्या फर्निचरावरील ग्रंथ १९५० मध्ये, जोएल बार्बर यांचा शिकारीच्या लाकडी बदकांवरील ग्रंथ १९५४ मध्ये, वेअरिंग यांचा १९६८ मध्ये, एडविन बार्बर यांचा १९७० मध्ये आणि ‘अमेरिकन सॅम्पलर्स’ व ईटन यांचे ग्रंथ १९७३ मध्ये डोव्हरने पुन्हा काढले.

मजकूर वाचण्यास ही पुनर्मुद्रणे पुरेशी आहेत. चित्रांबाबत मात्र सावध राहावे लागते. हाफटोन ठशावरून छापलेल्या चित्राचे पुन्हा छायाचित्र घेऊन छापले की ठिपक्यांवर ठिपके पडतात, सावल्या काळ्या होतात आणि बारीक रेषा बुजतात. काही पुनर्मुद्रणांत मूळची रंगीत चित्रे एकरंगी झाली आहेत. रंगावरून वस्तूचा प्रदेश किंवा काळ ठरत असेल तेथे मूळ आवृत्तीला पर्याय नाही.

प्रतीची पारख

या ग्रंथांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका पाने कापली जाण्याचा आहे. चौकटीत बसवून विकण्यासाठी रंगीत चित्रे काढून घेतली जातात आणि उरलेले पुस्तक रद्दीच्या भावाने जाते. सुट्या चित्रांच्या संचांना हा धोका अधिक. म्हणून प्रत घेताना चित्रांच्या यादीशी एकेक चित्र ताडून पाहणे हा पहिला नियम समजला जातो. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली चित्रे ओलसर हवेत परस्परांना चिकटतात, व सोडवू गेल्यास छपाई निघून येते. असे नुकसान भरून काढता येत नाही. वेष्टन, तपकिरी ठिपके, पूर्वीच्या ग्रंथालयाचे शिक्के यांमुळे किंमत कमी-अधिक होते, पण संदर्भमूल्यात फारसा फरक पडत नाही.

काही ग्रंथ त्यांतील क्रमांकांमुळे टिकून आहेत. जॉर्ज व हेलन मॅकिअरिन यांच्या ‘अमेरिकन ग्लास’ (१९४१) मध्ये साच्यातील चपट्या बाटल्यांचे गट पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत. विक्रेते व लिलावगृहे आजही बाटलीचे वर्णन त्या क्रमांकानेच करतात. हेलन मॅकिअरिन व केनेथ विल्सन यांनी १९७८ मध्ये ही पद्धत विस्तारली, त्यामुळे दोन्ही ग्रंथ शेजारी लागतात.

जुन्या ग्रंथांतील नावेही पुढे बदलली. न्यूयॉर्क व कनेक्टिकट यांच्या सीमेवरील व्यक्तिचित्रांचे दोन अनाम चित्रकार पूर्वीच्या पुस्तकांत ‘बॉर्डर लिमनर’ आणि ‘केंट लिमनर’ या नावांनी येतात. लॉरेन्स व बार्बरा होल्ड्रिज यांनी सही असलेल्या चित्राचा माग काढत हे दोघेही ॲमी फिलिप्स (१७८८–१८६५) हा एकच चित्रकार असल्याचे दाखवले. शैली इतकी पालटलेली होती की एका माणसाची दोन माणसे झाली होती. त्यांच्या संशोधनावरील पुस्तक १९६९ मध्ये निघाले. त्याआधीचे ग्रंथ त्यामुळे निरुपयोगी झाले नाहीत; पण ते एकटे वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते.

टीका

जीन लिपमन व ॲलिस विंचेस्टर यांचा ‘द फ्लॉवरिंग ऑफ अमेरिकन फोक आर्ट’ हा १९७४ चा ग्रंथ लोकप्रियतेच्या शिखराचा निदर्शक आहे. त्यानंतर लवकरच या परंपरेवर टीका सुरू झाली. १९७७ मध्ये विंटरथर संग्रहालयाने प्रसिद्ध केलेल्या ‘बियाँड नेसेसिटी’ मध्ये केनेथ एम्स यांनी असा आक्षेप घेतला की, संग्राहक वस्तूला तिच्या वापरातून व समाजातून तोडून केवळ सुंदर आकार म्हणून पाहतात आणि साधेपणा, निरागसता, राष्ट्रीय बाणा यांच्या कथा तिला चिकटवतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटी वस्तू दाखवणाऱ्या चित्रपद्धतीने या दृष्टीला हातभार लावला, हे इंडेक्सची चित्रे पाहताना जाणवते.

दुसरा आक्षेप वगळण्याविषयी आहे. मूळ अमेरिकन रहिवाशांच्या कला मानववंशशास्त्राचा विषय मानून इंडेक्समधून बाहेर ठेवल्या गेल्या. आफ्रिकन-अमेरिकन कारागिरांचे काम अनेकदा निनावी राहिले. जॉन मायकल व्लाख यांच्या ‘द ॲफ्रो-अमेरिकन ट्रॅडिशन इन डेकोरेटिव्ह आर्ट्स’ (१९७८) या ग्रंथाने टोपल्या, लोहारकाम, गोधड्या, मातीची भांडी व नौकाबांधणी यांतील या परंपरेची सलग मांडणी केली. साउथ कॅरोलायनातील एजफील्ड येथे गुलाम म्हणून राबलेला डेव्हिड ड्रेक हा कुंभार आपल्या मोठ्या रांजणांवर सही करून दोन-दोन ओळींची कवने कोरीत असे. गुलामांना लिहिणे-वाचणे शिकवण्यास तेथे कायद्याने बंदी होती. अशा कारागिरांना स्थान देणारी पुस्तके नसतील तर तो संग्रह आज अपुरा मानला जातो.

अंकीय उपलब्धता

इंडेक्सची चित्रे नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर मोफत पाहता व उतरवून घेता येतात. १९२८ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथांचे स्वामित्वहक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी संपल्याने ‘फर्निचर ट्रेझरी’चे पहिले दोन खंडही मुक्त झाले आहेत. त्यामुळे जुन्या ग्रंथांच्या वाचनासाठी प्रत बाळगण्याची गरज कमी झाली. कागद, छपाई आणि खऱ्या रंगांसाठी ती उरली आहे.

भारताशी संबंध

इंडेक्सच्या कल्पनेत सहभागी असलेल्या रूथ रीव्ह्ज १९५६ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या आणि येथेच राहिल्या. अमेरिकेत त्यांनी ज्या प्रकारची नोंद सुरू केली होती, तसेच काम त्यांनी भारतीय हस्तकलांविषयी केले. मेणाचा नमुना वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याच्या पद्धतीवरील त्यांचे ‘सीर पेर्ड्यू कास्टिंग इन इंडिया’ हे पुस्तक दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियमने १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. १९६६ मध्ये दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.